जंजिऱ्याच्या बहिणींची खतं आणि दादीची पेटी

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गाला पत्रलेखन शिकवत होते. मराठीच्या तासाला 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार', लगेच पुढच्या उर्दूच्या तासाला 'बाद सलाम मसनून'. दोन्ही तास माझेच, त्यामुळे मीच एका तासात नमस्कार करते आणि दुसऱ्या तासात सलाम. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "टीचर, हे मार्कांसाठीच असतं ना? खरंच असं कुणी लिहायचं का?" तिचे वडील सुरतला कामाला आहेत. रोज रात्री त्यांचा आवाज फोनवर येतो, तिच्यासाठी तेवढं पुरेसं आहे. तिचा प्रश्न मला राग येण्यासारखा नव्हता, पण घरी येईपर्यंत डोक्यात राहिला.

मी राहते चिंचपाड्यात, नवापूर तालुक्यात. सुरत-भुसावळ लाईनवरचं छोटं स्टेशन. शेजारचं नवापूर स्टेशन तुम्ही ऐकलं असेल, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं. आमच्या भागातलं परदेश म्हणजे तसं सुरत आणि बारडोली. ऊसतोडीला आणि कारखान्यांत माणसं जातात, हंगाम संपला की येतात. खऱ्या अर्थाने परदेशी खतं इथे कुणी लिहिली असतील तर ती इथला दवाखाना उभारणाऱ्या मिशनऱ्यांनी. पण त्यांची कहाणी सांगणारे दुसरे कुणीतरी हवेत. माझी कहाणी माहेरची आहे. माहेर माझं मुरूड तालुक्यातलं, जिथे घरटी एक माणूस आखातात असायचा. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी समुद्र सोडून तापीच्या खोऱ्यात आले, तेव्हा दादीची एक पत्र्याची पेटी बरोबर आणली. तिच्यात चाचाची कुवेतहून आलेली खतं आहेत.

त्या मुलीला उत्तर द्यायला मला ती पेटी उघडायला हवी होती. पण त्याआधी मी तिला दुसऱ्याच एका बाईची गोष्ट सांगितली. ती बाईसुद्धा जंजिऱ्याशी जोडलेली होती, आणि माझ्यासारखीच शिक्षक व्हायला निघाली होती.

अतिया फैझी. जन्म १८७७, इस्तंबूलचा. वडील हसनअली व्यापारानिमित्त तिथे राहत. घराणं मुंबईच्या सुलेमानी बोहऱ्यांच्या तय्यबजी गोतावळ्यातलं. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतातले, आणि पुढे पक्ष्यांमागे आयुष्य घालवणारे सलीम अलीही. अतियाच्या दोन मोठ्या बहिणी, झेहरा आणि नाझली. नाझलीचं लग्न जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्याशी झालं आणि ती मुरूडच्या राजवाड्यात आली. म्हणजे माझ्या माहेरच्या गावांची बेगम. दादीच्या आईने तिला पालखीतून जाताना पाहिलं होतं, असं दादी सांगायची. दादीच्या अशा गोष्टींवर मी इतिहास म्हणून विसंबत नाही, पण सोडूनही देत नाही.

१९०६ च्या सप्टेंबरमध्ये अतिया सरकारी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेली. कशासाठी? शिक्षक-प्रशिक्षणासाठी. मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेज, १८७८ साली निघालेलं, मुलींच्या शाळांसाठी शिक्षिका घडवणारं. आपल्याकडच्या बी.एड.चं पूर्वजच म्हणा. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले होते. माझं बी.एड. चालू असताना पाठ टाचण, मूल्यमापन, शैक्षणिक साधनं यांनी जीव नकोसा झाला होता. तिथे शंभर वर्षांपूर्वी एक मुसलमान मुलगी हेच शिकायला बोटीने निघाली होती आणि मला बी.एड.च्या पुस्तकात तिचं नावही कुणी दाखवलं नव्हतं.

लंडनहून ती घरी लिहीत राहिली. तारीखवार, रोजनिशीसारखं. ही खतं बहिणींसाठी होती. कॉलेज, तास, व्याख्यानं, संग्रहालयं, कोणाकडे जेवायला गेलो, कोण भेटलं, कोणते कपडे घातले, लोकांनी आपल्या पोशाखाकडे कसं पाहिलं, सगळं. झेहराने ती निवडून नीट केली आणि लाहोरच्या 'तहजीबे निसवाँ' या बायकांच्या उर्दू साप्ताहिकात छापायला दिली. हे साप्ताहिक १८९८ मध्ये सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी सुरू केलेलं, संपादक मुहम्मदी बेगमच. पुढे १९२१ च्या सुमारास ही खतं पुस्तकरूपाने आली. नाव 'जमाना-ए-तहसील'. वर्गात हे नाव फळ्यावर लिहिलं तेव्हा मुली हसल्या. त्यांना वाटलं तहसील कचेरीचा जमाना, दाखले काढण्याचा. उर्दूत तहसील म्हणजे मिळवणं, इथे इल्म मिळवणं. मराठीत तो शब्द महसूल मिळवण्यापुरता उरला, हा आपल्या दोन भाषांमधला फरक मला नेहमीच गमतीचा वाटतो आणि थोडा खुपतोही.

आता जरा टपालाकडे पाहू, कारण त्याशिवाय ही खतं समजत नाहीत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई-लंडन अंतर एकदम घटलं. १८९८ च्या नाताळपासून साम्राज्यात एक पेनीचा टपालदर लागू झाला. हिंदुस्थानातून अर्ध्या औंसाचं पाकीट एका आण्यात विलायतेला जाऊ लागलं. त्याआधी ते महाग होतं. अतिया गेली तोवर आठवड्याला एक विलायती डाक ठरलेली होती, पत्र साधारण दोन आठवड्यांत पोचे. डाक इटलीतल्या ब्रिंडिसी बंदरापर्यंत रेल्वेने नेत आणि तिथे बोटीवर चढवत. त्यामुळे जिब्राल्टरला वळसा घालून समुद्रमार्गे निघालेल्या माणसाच्या मागाहून लिहिलेलं पत्र त्याच्या आधी मुंबईत पोचू शकत असे. प्रश्न विचारला की उत्तर यायला महिना. म्हणजे मुलगी आजारी आहे असं वाचेपर्यंत ती बरी झालेली असायची, किंवा नसायची. खत लिहिणाऱ्याला हे माहीत असायचं आणि वाचणाऱ्यालाही. 'खैरियत' या शब्दाचं वजन या महिन्याभराच्या अंतरातून आलेलं आहे.

या घराण्याला घरच्या बातम्या लिहून ठेवण्याची सवयच होती. तय्यबजी कुटुंबांत 'अखबार'च्या वह्या असत. अखबार म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, खबरांचं अनेकवचन. घरातल्या कोणीही, बायकांनीही, त्यात लिहायचं: कोण आलं, कोण गेलं, कोणाला मूल झालं, कोणाची परीक्षा कशी गेली. दुसऱ्याने खाली शेरा मारायचा. मूळची गुजराती बोलणारी ही मंडळी हळूहळू घरात उर्दू वापरू लागली, आणि त्या वह्याही बहुतेक उर्दूत लिहिल्या जाऊ लागल्या. मला ही कल्पना फार आवडते. आज घराघरात फोनवर कुटुंबाचा ग्रुप असतो, तेच. फरक एवढाच की त्या वह्या दीडशे वर्षांनीही इतिहासकारांना वाचायला मिळाल्या. आपल्या ग्रुपमधल्या 'जुम्मा मुबारक'च्या फुलांमधून पुढचे लोक आपल्याविषयी काय शोधतील कोण जाणे.

पण ही सवय सगळ्या घरांत नव्हती, हे विसरून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकात आपल्या समाजात वाद होता, मुलींना शिकवावं का एवढाच नव्हे, तर लिहायला शिकवावं का. वाचणं ठीक, कुराण वाचता यायला हवं. लिहिणं मात्र धोक्याचं, कारण लिहिता आलं की मुलगी खत लिहील, आणि कुणाला लिहील याचा नेम नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये मुलींसाठी पत्रलेखनाचा पाठ आहे, हे आज वाचताना साधं वाटतं. त्या काळात तसा पाठ घालणं म्हणजे त्या वादात बाजू घेणं होतं. माझी दादी त्या वादाच्या दुसऱ्या बाजूची बळी. तिला कुराण अस्खलित वाचता येई. मराठी किंवा उर्दू स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिता येत नसे. म्हणून चाचाची खतं मी वाचायची आणि उत्तरंही मीच लिहायची. वय नऊ-दहा.

दादी कोकणी बोलीत सांगायची, मी शाळेतल्या उर्दूत लिहायचे. सुरुवात ठरलेली: यहाँ सब खैरियत है और आपकी खैरियत खुदावंद करीम से नेक मतलूब. हे दादीच्या बोलीत कुठेच नव्हतं, पण हे लिहिलं नाही तर तिला ते खत वाटायचं नाही. "ता पयलां लिव," म्हणायची. मग गाय, छप्पर, कोणाचं लग्न ठरलं, कोण वारलं. शेवटी ठरलेलं वाक्य, कुणी गाववाला येत असेल तर त्याच्या हाती काय पाठवू ते कळव.

भेटींचं तर एक वेगळंच शास्त्र होतं. इकडून जायचं ते खाण्याचं: आंबापोळी, कोकमं, सुका जवळा, नाचणीचे पापड, लोणच्याची बरणी कापडात बांधून. तिकडून यायचं ते दिसण्याचं: जपानी कापड, अत्तराची बाटली, टायगर बाम, टँगचा डबा, जानमाज, टॉर्च. आमच्याकडे टँग पाहुण्यांसाठी असे आणि निडोचा डबा रिकामा झाला की त्यात तांदूळ. आलेल्या वस्तूवरून लोक परदेशातल्या माणसाचं कसं चाललंय ते ओळखत. खतात 'सगळं ठीक' लिहिता येतं, पण बॅग खोटं बोलत नाही. टेपरेकॉर्डर आला तर नोकरी चांगली. नुसता खजूर आला तर बायका एकमेकींकडे बघत आणि गप्प राहत. कुणाच्या हाती द्यायचं खत चिकटवायचं नाही, हा रिवाज. नेणाऱ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. त्यामुळे हाती पाठवलेल्या खतात जे लिहिलेलं असे ते नेणाऱ्याने वाचलं तरी चालेल असंच असे. खरी गोष्ट टपालाने यायची, किंवा येतच नसे.

मला वाटतं झेहरानेही हेच केलं असणार. अतियाची खतं छापायला देताना ती जगाच्या हाती उघडं पाकीट देत होती. ज्या साप्ताहिकाचे वाचक मुलींच्या शिक्षणावरून कुरकुरणाऱ्या घरांतलेही होते, तिथे तरुण, अविवाहित बहिणीच्या लंडनच्या गोष्टी छापायच्या. काय ठेवायचं, काय गाळायचं, हा निर्णय सोपा नव्हता. त्यात इक्बालचा उल्लेख पाहा. अल्लामा इक्बाल तेव्हा केंब्रिजला होते. १९०७ च्या एप्रिलमध्ये दोघांची ओळख झाली, त्या उन्हाळ्यात जर्मनीत हायडेलबर्गलाही भेट झाली. अतियाने १९४७ मध्ये 'इक्बाल' नावाचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्यात या भेटी भरभरून आहेत. चाळीस वर्षांपूर्वीच्या खतांत मात्र इक्बाल अगदी मोजके येतात. खोटं कुठेच नाही. फक्त घरी पाठवायच्या कागदात किती मावतं, याचा अंदाज तिला आणि झेहराला होता.

आणि इथेच माझी तक्रार आहे. अतियाचं नाव आज उर्दूवाल्यांत घ्या, लगेच दोन नावं निघतात, शिबली आणि इक्बाल. मौलाना शिबली नोमानी मुंबईला येत, जंजिऱ्यालाही गेले, झेहरा आणि अतिया यांना त्यांनी लिहिलेली खतं पुढे पुस्तक होऊन छापली गेली. इक्बालचीही छापली गेली. मग त्यांवर तर्क, कुजबुज, लेख, लेखांवर लेख. त्या पुस्तकांत अतियाची उत्तरं नाहीत. संवादाची एक बाजू जपली गेली आणि त्या बाजूवरून दुसरीचं चारित्र्य ठरवलं गेलं. जिने स्वतः शेकडो पानं लिहिली, ती दुसऱ्यांच्या खतांमधली व्यक्ती म्हणून उरली. तिचं स्वतःचं पुस्तक २०१० मध्ये लँबर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा यांनी इंग्रजीत आणलं, तेव्हा कुठे ती पुन्हा स्वतःच्या शब्दांत बोलू लागली. मराठीत आनंदीबाई जोशींची अमेरिकेहून आलेली पत्रं आपल्याला माहीत आहेत, त्यांवर चरित्रं, कादंबरी, नाटक, सिनेमा सगळं झालं. रास्तच झालं. पण त्यांच्यानंतर वीसेक वर्षांनी निघालेली अतिया मराठी वाचकाला अनोळखी राहिली. ती उर्दूत लिहीत होती हे एक कारण. दुसरं मी इथे लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

अतियाचा अभ्यासक्रम पुरा झाला नाही. प्रकृतीच्या कारणाने ती १९०७ मध्येच परतली. पुढच्याच वर्षी नवाब आणि नाझली बेगम युरोपला गेले, अतियाही बरोबर होती. त्या सफरीतून नाझलीचं 'सैरे यूरोप' झालं, तेही घरच्यांसाठी लिहिलेल्या मजकुरातून. इस्तंबूलला सुलतान अब्दुल हमीद यांच्या दरबारी बेगमला शफकतचा निशाण मिळाला. जन्माच्या शहरात पाहुणी म्हणून जाणं आणि मानाची भेट घेऊन परतणं, तिला काय वाटलं असेल! १९१३ मध्ये नवाबांशी तिचा तलाक झाला. अतियाने १९१२ मध्ये सॅम्युएल रहमीन या चित्रकाराशी लग्न केलं. तो पुण्याचा, बेने इस्राएल ज्यू, म्हणजे मूळ आपल्याच कोकण किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या समाजातला. १९४८ मध्ये अतिया आणि सॅम्युएल कराचीला गेले, नाझलीही. झेहरा त्याआधीच वारली होती. कराचीत सुरुवातीला मान मिळाला, मग घर गेलं, हातचे पैसे गेले. सॅम्युएल १९६४ मध्ये, अतिया १९६७ मध्ये आणि नाझली त्यानंतर गेली. ज्या बहिणींनी लंडनहून मुरूडपर्यंत खतांचा धागा ओढला, त्यांचा शेवट अशा शहरात झाला जिथून मुंबईला खत यायलाही दोन देशांची मर्जी लागत होती. १९७१ च्या लढाईत तर दोन्हीकडचं टपालच बंद झालं आणि १९७४ पर्यंत बंद राहिलं. आपल्यापैकी कितीतरी घरांना ती तीन वर्षं अजून आठवतात.

आमच्या घराला आठवतो तो १९९० चा ऑगस्ट. मी अकरा वर्षांची होते. जुलैच्या शेवटी चाचाचं खत आलं. नेहमीच्या खैरियतीनंतर त्याने लिहिलं होतं की चार महिन्यांचा पगार मिळालेला नाही, दादीसाठी घेतलेलं घड्याळ विकावं लागलं, पण हे आईला वाचून दाखवू नकोस. ते वाक्य थेट मला उद्देशून होतं. दादी समोर बसली होती, तस्बीह हातात. मी तो परिच्छेद गाळला आणि जागा भरायला माझ्या मनाने लिहिल्यासारखं वाचलं की घड्याळ घेतलंय, येताना आणीन. ती काही बोलली नाही.

२ ऑगस्टला इराकने कुवेत घेतलं. टपाल बंद, फोन बंद. गावात ज्या घरी रेडिओ होता तिथे माणसं रात्री जमायची. भारत सरकारने लोकांना जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानाने आणायला सुरुवात केली. एअर इंडियाची ४८८ उड्डाणं, ५९ दिवस, एक लाखाहून जास्त माणसं. नागरी विमानांनी एवढी माणसं हलवल्याचं दुसरं उदाहरण तोवर जगात नव्हतं. आम्हाला तेव्हा या आकड्यांचं काही नव्हतं. कुणी परतला की लोक त्याच्या दारात जाऊन एकच नाव विचारायचे. चाचा ऑक्टोबरमध्ये आला. प्लास्टिकची एक पिशवी आणि पायात दुसऱ्या कुणाच्या चपला. दादीने त्याला जेवायला वाढलं आणि घड्याळाविषयी कधीच विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, मरेपर्यंत नाही. माझ्या आवाजात काय ऐकलं होतं तिने, देव जाणे. माणूस खोटं वाचायला लागला की त्याचा वेग बदलतो, हे मला शिक्षक झाल्यावर कळलं. वर्गात मुलं न लिहिलेला गृहपाठ वाचून दाखवतात तेव्हा मी ओळखते.

तर गेल्या महिन्यात मी ती पेटी काढली. खतं दादीने दोऱ्याने बांधलेली, ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने. तिला वाचता येत नव्हतं, तरी कोणतं कुठलं ते कागदाच्या रंगावरून आणि डागांवरून ओळखायची. गठ्ठ्याच्या तळाशी एक निळं एअरोग्राम निघालं, माझ्या हातचं, कधीच न टाकलेलं. पत्ता पी.ओ. बॉक्स, सफात, कुवेत. तारीख १९९० च्या ऑगस्टची. टपाल बंद आहे हे पोस्टमनने सांगितलं होतं, तरी तिने लिहून घेतलं होतं. मी विसरले होते. वरती नेहमीची खैरियत. त्याखाली छपराची कौलं बदलल्याचं, गाय व्यायल्याचं, आंबापोळी डब्यात भरून ठेवल्याचं. आणि शेवटी, माझ्या अकरा वर्षांच्या वाकड्या उर्दूत, दादीने सांगितलेलं एक वाक्य, जे लिहिताना मला त्याचा अर्थ कळला नसावा: घड्याळाची काळजी करू नकोस, मला वेळ सूर्यावरून कळते.

ते एअरोग्राम मी वर्गात नेलं होतं. त्या मुलीने हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, कुठून उघडायचं ते तिला कळेना. मग तिने विचारलं, "टीचर, यात टाकायला वेगळं पाकीट लागत नाही?" मी तिला घड्या घालून दाखवल्या.